संवर्धनाच्या कामात स्वयंसेवक होताना

आपल्या परिसरातील टेकडी, ओढा, तळे किंवा किनारा राखणाऱ्या एखाद्या गटात सामील व्हायचे ठरवल्यावर त्या गटाच्या पुढच्या कार्यक्रमाची चौकशी करण्याआधी त्याने दोन-तीन वर्षांपूर्वी काम केलेली जागा पाहून यावी. लावलेल्या रोपांपैकी किती जगली, काढलेले तण पुन्हा माजले का, स्वच्छ केलेल्या काठावर कचरा पुन्हा कोठून येतो, या प्रश्नांची उत्तरे ज्यांच्या वहीत सापडतात त्यांच्याबरोबर काम करावे, मग तो गट पाच-सहा जणांचा का असेना. वंगारी मथाई यांनी १९७७ मध्ये केनियात सुरू केलेल्या ग्रीन बेल्ट चळवळीत रोपे लावणाऱ्या स्त्रियांना अल्पसा मोबदला मिळत असे आणि तो जगलेल्या रोपांच्या हिशेबाने दिला जाई. गट पारखताना हाच हिशेब हाताशी ठेवावा.

आपण किती वेळ देऊ शकतो हे समन्वयकाला प्रथमच स्पष्ट सांगावे. महिन्यातल्या ठरलेल्या दोन सकाळी वर्षभर न चुकता येणारा माणूस, उत्साहाच्या भरात सलग आठवडाभर राबून नंतर न फिरकणाऱ्यापेक्षा, गटाला अधिक उपयोगी पडतो, कारण रोपांना पाणी घालणे, आळी भुसभुशीत करणे, आच्छादन बदलणे ही कामे समारंभ आटोपल्यानंतरची असतात. पहिल्या दिवशी पूर्ण बाह्यांचे कपडे, बंद बूट, हातमोजे आणि पुरेसे पाणी एवढी तयारी पुरते. मात्र एका जागेवरून दुसरीकडे जाताना बूट आणि अवजारे यांना चिकटलेली माती धुऊन टाकावी. त्या मातीतून तणांचे बी आणि झाडांना मारणाऱ्या बुरशीचे बीजाणू आपणच वाहून नेत असतो.

तण काढण्याचे काम वरवर सोपे वाटते, परंतु नव्या स्वयंसेवकाच्या हातून सर्वाधिक नुकसान होते ते याच कामात. सिडनीच्या आयलीन आणि जोन ब्रॅडली या बहिणींनी १९६० च्या दशकात झुडपी जंगलात काम करताना बसवलेली पद्धत आजही अनुसरण्याजोगी आहे. जिथे देशी वनस्पती अजून चांगल्या टिकून आहेत तिथून सुरुवात करावी आणि सर्वांत माजलेल्या भागाकडे हळूहळू सरकावे, माती शक्य तितकी कमी हलवून बाजूला सारलेला पालापाचोळा पुन्हा जागेवर पसरावा, आणि मोकळी झालेली जागा देशी रोपे भरून काढत नाहीत तोवर पुढे जाऊ नये. मनाचा ओढा नेमका उलट असतो. सर्वांत भीषण दिसणाऱ्या जागेवर तुटून पडावेसे वाटते, आणि संध्याकाळी उघडी पडलेली जमीन पाहून समाधानही होते, पण त्या उघड्या जमिनीत सर्वांत आधी उगवते ते तणच.

प्रत्येक वनस्पतीचा स्वभाव वेगळा असल्याने उपायही वेगळा असतो. घाणेरी फळे पिकण्याआधी काढावी, कारण तिचे बी पक्षी दूरवर पसरवतात, आणि ती जमिनीलगत न कापता मातीखाली मुख्य मुळावर तोडावी, अन्यथा बुंध्याला पुन्हा फुटवे येतात. जलपर्णी बाहेर काढली तरी काठावरच ढीग घातला तर पाणी चढताच ती परत तळ्यात जाते. कोवळ्या अवस्थेत तण आणि देशी रोप पुष्कळदा सारखेच दिसतात, त्यामुळे पहिले काही दिवस जाणकाराला विचारल्याशिवाय काहीही उपटू नये.

रोपे लावताना ती त्याच परिसरातील जातींची असावीत, हे बहुतेकांना ठाऊक असते. मुळात तिथे झाडांची गरज आहे का, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. नैसर्गिक गवताळ माळावर लावलेली झाडी टिटवी, चंडोल यांसारख्या जमिनीवर घरटे करणाऱ्या पक्ष्यांची जागा हिरावून घेते. जागामालकाची किंवा संबंधित खात्याची परवानगी तर हवीच. शिवाय त्या जागी गुरे चारणाऱ्या, मासे धरणाऱ्या लोकांशीही आधी बोलावे, कारण पाणी कधी चढते आणि गवत कधी वाळते हे त्यांनी वर्षानुवर्षे पाहिलेले असते.

ज्यांना अंगमेहनत झेपत नाही त्यांनी नोंदींचे काम घ्यावे. ते दुय्यम मुळीच नाही. उत्तर अमेरिकेत १९०० च्या नाताळात २७ निरीक्षकांनी सुरू केलेली पक्षीगणना आजही दरवर्षी होते, आणि पक्ष्यांच्या संख्येतील दीर्घकालीन बदल तिच्यातून वाचता येतात. नोंद दर वेळी त्याच जागी, त्याच पद्धतीने आणि शक्यतो त्याच वेळी करावी, तारीख व वेळ लिहावी, आणि एखादा नेहमीचा पक्षी दिसला नाही तर तेही लिहावे. घरट्यांची व दुर्मीळ वनस्पतींची नेमकी ठिकाणे मात्र सर्वांसाठी खुली करू नयेत. कचरा गोळा करतानाही पोत्यांची संख्या मोजण्यापेक्षा वस्तूंची वर्गवारी करावी. टेक्सासमध्ये १९८६ मध्ये सुरू झालेल्या किनारा-स्वच्छता मोहिमेने पहिल्यापासून वस्तुनिहाय तक्ते भरून घेतले, म्हणूनच सिगारेटची थोटके अनेक वर्षे त्या यादीत सर्वांत वर होती हे आज सांगता येते. असा तक्ता हाती असला की कचरा नेमका कोणामुळे येतो हे कळते आणि कोणाकडे तक्रार न्यायची हे ठरवता येते.

काम सोडण्याची वेळ आली तर किमान महिनाभर आधी कळवावे, आपल्या वाट्याची रोपे नव्या माणसाला जागेवर नेऊन दाखवावीत आणि नोंदवही, मोजमापाची साधने व पाण्याच्या पाळ्यांचे वेळापत्रक त्याच्या हाती द्यावे.