कॅमेरा उशिरा जागा होतोय? आधी कार्ड तपासा

बटण दाबल्यावर कॅमेरा अडखळत असेल तर लगेच त्याच्या माथी दोष मारू नका. सुरू होताना तो मेमरी कार्डाची फाइल सिस्टिम, म्हणजे कोणती फाइल कुठे आहे याची नोंद, वाचतो, फोल्डर चाळतो, मोकळी जागा मोजतो. हजारो फोटो साठलेल्या मोठ्या कार्डावर, विशेषतः जुन्या कॅमेऱ्यात, हे काम रेंगाळू शकतं. एकदा कार्ड काढून कॅमेरा सुरू करून बघा, मग दुसरं घालून. फरक असेल तर तिथेच कळेल. फोटो उतरवून घेतले की कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. आणि हो, कार्डावरच्या ‘व्ही३०’ला भुलू नका. ती सेकंदाला किमान ३० एमबी सलग लिहिण्याची हमी, म्हणजे व्हिडिओच्या कामाची. जागं होण्याशी तिचा फारसा संबंध नाही.