एम.डेस.साठी गेम डिझाइनचा पोर्टफोलिओ: सुरुवात गंजिफापासून

गेम, ॲनिमेशन किंवा इंटरॅक्शन डिझाइनमध्ये एम.डेस. (मास्टर ऑफ डिझाइन, डिझाइनमधली पदव्युत्तर पदवी) करायचं, तर दोन परीक्षा आधी माहीत हव्यात. सीड (CEED) ही प्रवेश परीक्षा आयआयटी मुंबई घेते, साधारण जानेवारीत. एनआयडीची (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) प्रवेश परीक्षा डॅट (DAT) वेगळी, तिचा अर्जही वेगळा. सीडसाठी बारावीनंतर किमान ३ वर्षांची पदवी किंवा पदविका लागते. शाखेची आणि वयाची अट नाही, त्यामुळे रत्नागिरीत बीएस्सी केलेल्यालाही बसता येतं. गुण मात्र एकाच वर्षापुरते चालतात.

सीडचा 'अ' भाग संगणकावर होतो, 'ब' भाग हातानं काढायचा. 'अ'वरून चाळणी लागते, पण अंतिम गुणांत 'ब'चा वाटा ७५ टक्के. म्हणून सॉफ्टवेअरचे क्लास लावण्याआधी हात बसवा. रोज अर्धा तास मिरकरवाडा बंदरावर बसून माणसं काढा. टोपली उचलताना वजन कुठल्या पायावर येतं, पाठ किती वाकते, ते बघा. फोटोवरून काढलं की बाह्यरेषा जमते, भार दिसत नाही.

मुलाखतीला पोर्टफोलिओ लागतो. त्यात ट्युटोरियल बघून केलेली दहा कामं ठेवण्यापेक्षा स्वतः विचार करून पूर्ण केलेला एक छोटा गेम कितीतरी मोलाचा. विषय शोधायला लांब जायची गरज नाही. गंजिफा म्हणजे गोल पानांचा जुना पत्त्यांचा खेळ. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात १० रंग असतात, प्रत्येकात १२ पानं, एकूण १२०. राजा आणि प्रधान सगळ्यांत वरचे. त्यानंतर पाच रंगांत दश्शी मोठी, उरलेल्या पाचांत एक्का मोठा! नियमांची इतकी सुंदर रचना आपल्याकडे आयती आहे.

त्यातले उलटसुलट क्रमाचे दोनच रंग घ्या. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद कापून २४ गोल पानं करा आणि दोघांत १२-१२ वाटा. उतारीच्या रंगाचं मोठं पान तो हात जिंकेल, एवढाच नियम ठेवा. पाच वेगवेगळ्या जोड्यांना खेळायला बसवा. नियम एकदाच सांगा, मग गप्प बसून कोण कुठे अडतं ते लिहा. एक्का मोठा असलेल्या रंगात लोक हमखास चुकतात, कारण तिथे दश्शी सगळ्यांत लहान आणि हाताला नेहमीच्या पत्त्यांची सवय असते. मग कडेचा पट्टा बदलून बघा, पानावर बाण काढून बघा आणि पुन्हा खेळवा. आधीचं पान, झालेली चूक आणि सुधारलेलं पान असं शेजारी शेजारी मांडलं, की परीक्षकांना तुमचा विचार दिसतो. ही पानं पोर्टफोलिओचा गाभा.

कागदावर जमल्यावरच संगणकाकडे वळा. साध्या लॅपटॉपला गोडो (Godot) हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर पुरतं. ते मोफत आहे आणि युनिटी या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या मानानं फार हलकं. कोकणात पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा दर तासाला गिटमध्ये (फाइलींच्या जुन्या-नव्या आवृत्त्या जपणारं साधन) कमिट करा, म्हणजे तोवरचं काम नोंदवून ठेवा, आणि रोज एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या. स्केचबुकं दमट हवेत फुगतात, बुरशी धरतात. काढलेलं त्याच आठवड्यात खिडकीशी, फ्लॅश न लावता, वरून सरळ फोटो घेऊन साठवा.

पीडीएफ १५ ते २० पानांत आटपा. खेळाचा एका मिनिटाचा व्हिडिओ जोडा आणि पाठवण्याआधी त्याची लिंक दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा. ती 'खाजगी' राहून गेली, तर समोरच्याला काहीच दिसत नाही.