मोड आला म्हणजे नेमकं काय?

खानापूर तालुक्यात मराठी माध्यमाच्या हायस्कूलवर विज्ञान शिकवायला लागलो, तेव्हा पहिलं वर्षभर कृती मीच फळ्यावर लिहायचो आणि निष्कर्षही. मुलं उतरवून घ्यायची. तुम्ही नव्यानं रुजू होत असाल तर माझं एवढं ऐका: प्रयोगाची आखणी मुलांच्या हातात द्या.

मूग पुरतात. प्रश्न होता, मिठाच्या पाण्यात मोड उशिरा येतात का? आठवीच्या गटांना बशा, कापूस आणि बशीमागे २० दाणे दिले. निम्म्या बशांत साधं पाणी, निम्म्यांत लिटरला १० ग्रॅम मीठ.

दुसऱ्या दिवशी मोजताना भांडण जुंपलं. एकजण साल तडकलेला दाणाही धरत होता, दुसऱ्याला मोड बाहेर दिसायला हवा होता. बशी तीच, पण एकाचे १४, दुसऱ्याचे ९. मी मध्ये पडलो नाही. सबंध तास वाद घालून त्यांनीच ठरवलं: पट्टी लावायची, मूळ २ मिलिमीटर बाहेर असेल तरच मोजायचं. मोजण्याआधी व्याख्या लागते, हे माझ्या सांगण्यानं त्यांना इतकं पटलं नसतं.

मग एक मुलगी म्हणाली, "सर, मिठाच्या बशा सगळ्या खिडकीत हाईत की. तिथला कापूस वाळलाय." खरंच होतं. मोड अडले ते मिठानं की उन्हानं, सांगता येईना. प्रयोग पुन्हा लावला आणि बशांच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवल्या. ही रीत शेतातच रुजली. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये इंग्लंडातल्या रोदमस्टेड शेती संशोधन केंद्रात गेले. रानाचा कस सगळीकडे सारखा नसतो, म्हणून कुठल्या वाफ्याला काय द्यायचं ते नशिबावर सोपवा, असा त्यांचा आग्रह होता. बांधाकडचं भात आणि मधलं भात सारखं येत नाही, हे आमच्या मुलांना वेगळं शिकवावं लागत नाही.

या खेपेला मिठाच्या तिन्ही बशा मागे पडल्या. खारट पाणी दाण्याला सहजासहजी शोषून घेता येत नाही. पण साध्या पाण्यातही १९, १७, १६ असा फरक होताच. एकाच बशीवर भागवू नका, ते यासाठी.

सोमवारी लावा, म्हणजे रविवार मध्ये येत नाही. जुलैच्या झडीत कापसाला बुरशी धरते. अशी बशी एका गटानं गुपचूप टाकून दिली होती. ती बाद करायला हरकत नाही, पण कारणासकट वहीत लिहूनच.