मावशींनी सही केली नाही

पीएचडीच्या सिनॉप्सिसच्या शीर्षकात ‘संक्रमणकालीन न्याय’, म्हणजे जुनी राजवट गेल्यावर तिच्या काळातल्या अत्याचारांचा हिशेब, असं लिहिलंत की पहिला प्रश्न ठरलेला: मुंबईत संक्रमण झालं कधी? अर्जेंटिनात १९८३ मध्ये लष्करी राजवट गेली, दक्षिण आफ्रिकेत वर्णभेद गेला. इथं १९९२-९३ च्या दंगलीनंतर सरकारं बदलली, एवढंच. मी या प्रश्नानं सहा महिने झोप घालवली, उगाच. राजवट तीच असताना चौकशी आयोगाचं काय होतं, हाच विषय आहे म्हणून सांगा. या दंगलीच्या चौकशीसाठी श्रीकृष्ण आयोग १९९३ मध्ये नेमला, १९९६ च्या जानेवारीत गुंडाळला, मे महिन्यात पुन्हा सुरू केला, १९९८ मध्ये अहवाल आला. तो मुळातून वाचा. त्याच्यावरचे लेख वाचून प्रबंध लिहिणारे लगेच ओळखू येतात.

मी अडकलो ते भलतीकडेच.

पहिली मुलाखत जोगेश्वरीत होती, एका मावशींची. चहा झाला आणि मी चार पानी संमतीपत्र पुढं केलं. मावशींनी कागद उलटून मागं काही छापलंय का ते पाहिलं. “सही कशाला? जबाब आहे का?” दंगलीनंतर त्यांनी सह्या केल्या होत्या त्या पोलिसांच्या जबाबावर, मग भरपाईच्या अर्जावर. मी घाईघाईनं म्हणालो, “नाही हो मावशी, तुमचं नाव कुणाला कळणार नाही. कुणी मागितलं तरी देणार नाही.”

हे वाक्य कधीही बोलू नका. अशिलाचं बोलणं गुप्त ठेवायला वकिलाला कायद्याचं कवच आहे, आपल्याला नाही. कोर्टानं टेप मागितली तर काय करणार? आयोगापुढं बोलणाऱ्याला निदान १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याचा आधार असतो: खोट्या साक्षीचा खटला सोडला तर तिथलं विधान त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. आपल्यापुढं बोलणाऱ्याला तेवढंही नाही. अमेरिकेतल्या बोस्टन कॉलेजनं उत्तर आयर्लंडमधल्या माजी सशस्त्र गटांच्या लोकांना ‘तुम्ही हयात असेपर्यंत गुप्त’ असं सांगून मुलाखती टेप केल्या होत्या. २०११ मध्ये ब्रिटिश पोलिसांसाठी समन्स निघालं आणि कोर्टकचेरीनंतर काही टेप त्यांच्या हाती गेल्याच.

शिवाय नाव बदलून ओळख लपत नाही. मी नाव बदललं, पण ‘भाऊ गिरणीत, तीन मुली, नळाजवळची खोली’ तसंच ठेवलं. त्याच गल्लीतल्या एका पोरानं मसुदा चाळला आणि म्हणाला, “ही अमक्याची आई ना?” हे माझ्या गाइडच्या नजरेतून सुटलं होतं, कारण सर कायम परिषदांना. नामांकित गाइडच्या मागं धावू नका. मसुद्यावर पेन्सिल चालवणारा शोधा. आणि कार्यकर्त्याचं बोट धरून दोन दिवसांत वीस मुलाखती उरकू नका. लोक पत्रकारांना सांगून पाठ झालेलंच तुम्हालाही ऐकवतात.

घाबरू नका, हे सावरता येतं. सहीऐवजी तोंडी संमतीची परवानगी नीतिसमितीकडून, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीकडून, आधीच घ्या. नावांची वही घरी, टेप दुसरीकडे. गरज नसेल तर टेप करूच नका.

मी मावशींकडे परत गेलो. कोर्टापुढं माझं काही चालणार नाही, हे कबूल केलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग मसुदा वाचून दाखवायला लावला, आणि गिरणी आणि नळ खोडायला लावला. मुली राहू दे म्हणाल्या. सही मात्र अजून केलेली नाही.