एटीव्हीवर चेनसॉ न्यायची तर ती कशी बांधायची

पडलेलं झाड कापायला किंवा सरपण आणायला रानात जायचं असलं की बरेच जण चेनसॉ एटीव्हीच्या, म्हणजे खडबडीत वाटेवर चालणाऱ्या हँडलवाल्या चारचाकीच्या, मागच्या रॅकवर ठेवतात, दोन बंजी दोऱ्या मारतात आणि निघतात. मीही कितीतरी दिवस तसंच करत होतो. मग एकदा अर्ध्या तासाच्या खडबडीत वाटेनंतर उतरून बघतो तर बार ऑइलचं, म्हणजे चेन ज्या लांब पट्टीवर फिरते त्या बारच्या वंगणाचं, झाकण गायब, सगळं ऑइल रॅकवरून ओघळून मडगार्डवर आलेलं आणि टाकीत धूळ आणि भुसा. सॉ पडली वगैरे नव्हती, होती तिथेच होती, फक्त पूर्ण वाटभर रॅकच्या नळीवर आपटत होती. त्या दिवशी पक्कं कळलं की सामान पडू नये एवढं बघून भागत नाही, ते बोटभरसुद्धा हलता कामा नये.

आधी वजन बघा. रॅकवर किती चालतं ते तिथल्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, आणि पुढच्या रॅकला बहुतेक वेळा मागच्यापेक्षा कमी असतं. 50 सीसीची सॉ बार-चेन सोडून 5 किलोच्या आसपास, 5 लिटर पेट्रोल जवळजवळ 4 किलो, वर ऑइल, कुऱ्हाड, पाचरी, पाने, म्हणजे बघता बघता 15-20 किलो होतात. हे वजन रॅकला जड नाही, पण ते उंच रचलं की उतारावर गाडी कलंडायला बघते, म्हणून जड वस्तू खाली आणि मधोमध ठेवायच्या.

सॉ पुढे ठेवायची की मागे यावर लोक वाद घालतात. पुढे ठेवली की डोळ्यासमोर राहते हे खरं, पण फांद्या तिच्यात अडकतात आणि हेडलाइटही झाकला जाऊ शकतो, म्हणून माझं मत मागच्या रॅकचं, आणि तेही गाडीच्या रुंदीला आडवी. 40 सेंटीमीटर बारची सॉ आडवी ठेवली तरी मोठ्या एटीव्हीच्या रुंदीत बसते, बारचं टोक टायरच्या बाहेर येत नाही. बारचं टोक गाडीच्या मागे बाहेर येईल अशी सॉ ठेवू नका, मागून चालणाऱ्याच्या पायाशी ते येतं.

आता मुख्य काम, बैठक. 18 एमएमचा प्लायवूड रॅकच्या मापाने कापा, ऑइल पेंटचे दोन हात मारा आणि रॅकच्या नळ्यांना खालून यू-बोल्टने पक्का करा, नट नायलॉकचेच (आत नायलॉनची कडी असलेले) घ्या आणि वॉशर रुंद, साधे नट हादऱ्यांनी सुटतात. वर जाड रबर मॅट. त्यावर सॉ नेहमीसारखी उभी ठेवायची, कुशीवर पाडायची नाही, नाहीतर ऑइल गळत राहतं. सॉ ठेवून तिच्या बुडाभोवती पेन्सिलने रेघ मारा आणि त्या रेघेवर चारी बाजूंनी दोन बोटं उंचीच्या लाकडी पट्ट्या ठोका, म्हणजे इंजिन त्या चौकटीत बसतं. बारसाठी दोन उभ्या फळ्या, मधे कव्हरसकट बार जाईल एवढीच फट. ही चौकट का लागते ते सांगतो: बऱ्याच सॉमध्ये हँडल आणि इंजिन यांच्यामधे रबर किंवा स्प्रिंग असतात, त्यामुळे नुसतं हँडल कितीही आवळून बांधलं तरी इंजिन त्या स्प्रिंगवर हलतच राहतं. बूड धरलं गेलं पाहिजे.

बांधायला बकलचा न ताणणारा पट्टा वापरा, पुढच्या हँडलवरून एक आणि मागच्या हँडलवरून एक, मागचा ट्रिगरवर येऊ देऊ नका आणि पुढचा चेन ब्रेकच्या दांडीवर. बंजी ताणली जाते आणि आपल्याला नको आहे ते नेमकं तेच. रॅचेटचा (दांडी मारून आवळायचा) पट्टा चालतो पण त्याचा जोर फार असतो, हँडलचं प्लास्टिक तडकू शकतं.

पेट्रोलच्या बाबतीत अजिबात हयगय नको. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल नेऊ नका, इंधनाचाच कॅन घ्या. तो जमिनीवर ठेवूनच भरा, रॅकवर ठेवून नाही, कारण प्लास्टिक किंवा मॅटवर ठेवलेल्या कॅनमध्ये स्टॅटिक चार्ज साठून ठिणगी पडू शकते. वर थोडी जागा रिकामी सोडा आणि सायलेन्सर ज्या बाजूला आहे त्याच्या उलट बाजूला कॅन बांधा. सॉचं मिक्स (ऑइल मिसळलेलं पेट्रोल) आणि गाडीचं साधं पेट्रोल वेगवेगळ्या कॅनमध्ये, आणि मिक्सच्या कॅनवर मोठ्या अक्षरात प्रमाण लिहा. बऱ्याच सॉना 50:1 लागतं, म्हणजे 5 लिटरला 100 मिली टू-स्ट्रोक ऑइल, तरी आपल्या मॅन्युअलमध्ये बघून घ्या. घाईत साधं पेट्रोल सॉमध्ये गेलं की पिस्टन जाम होतो. काम थांबल्यावर सॉ लगेच रॅकवर ठेवू नका, पेट्रोलही लगेच भरू नका, गार होऊ द्या, आणि भरलेल्या जागेपासून 3 मीटर तरी लांब जाऊन चालू करा.

बारीकसारीक सामान घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा: जादा चेन, तिच्या मापाची गोल कानस, पाना, प्लग, प्लास्टिकच्या पाचरी, आणि बारचे एक-दोन नट, ते पालापाचोळ्यात पडले की सापडत नाहीत. कुऱ्हाडीच्या पात्याला कव्हर हवंच. सॉचं जाळीवालं हेल्मेट गाडी चालवायला चालत नाही, चालवताना गाडीचंच घाला आणि सॉचं पिशवीत न्या. प्रथमोपचाराचं पाकीट आणि फोन मात्र गाडीवर ठेवू नका, अंगावर ठेवा, जखम होऊन तुम्ही झाडाखाली पडलात आणि गाडी लांब उभी असली तर त्या पाकिटाचा काय उपयोग.

निघताना इंजिन बंद, चेन ब्रेक लावलेला, बारला कव्हर, दोन्ही टाक्यांची झाकणं हाताने फिरवून बघितलेली. मग सॉचं हँडल दोन्ही हातांनी धरून जोरात हलवा, पूर्ण गाडी डुलली पाहिजे, सॉ नाही. दोन-तीनशे मीटर गेल्यावर एकदा थांबून पट्टे परत ओढा, पहिल्या हादऱ्यांत ते बसतात आणि ढिले होतातच. आणि पन्नास पावलं जायचं असलं तरी सॉ मांडीवर किंवा एका हातात धरून गाडी चालवू नका.

पोचल्यावर उभं झाड पाडायचं असेल तर गाडी झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर लावा, उतार असेल तर झाडाच्या खालच्या अंगाला मुळीच नको. परत येताना लाकडं सॉवर रचू नका, लागलं तर दुसरी फेरी मारा.

यू-बोल्ट ढिले झालेत का हे दर वेळी पाना लावून बघायचा कंटाळा येतो, त्यावर सोपा उपाय आहे. नट आवळल्यावर नट आणि बोल्ट दोन्हींवरून जाईल अशी पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवा. घरी आल्यावर गाडी धुताना नजर टाका, रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय.