रोजच्या संसारात तडजोड कशी करावी

संसारातील बहुतेक कुरबुरी मोठ्या प्रश्नांवरून होत नाहीत. दिवा किती वाजता मालवायचा, ओला टॉवेल कुठे वाळत घालायचा, सुट्टीच्या दिवशी किती वाजेपर्यंत झोपायचे, अशाच गोष्टींवरून त्या होतात, आणि क्षुल्लक म्हणून त्या सोडून दिल्या तर त्यांचा सल मनात साचत जातो. म्हणून तडजोड मनातल्या मनात करू नये. ‘जाऊ दे’ म्हणून गप्प बसणाऱ्याला आपण पुष्कळ सोसले असे वाटत राहते, जोडीदाराला मात्र त्याचा पत्ताही नसतो, आणि पुढे केव्हातरी भलत्याच विषयावरून भडका उडतो.

बोलायला बसल्यावर तोडग्याकडे लगेच धाव घेऊ नये. नेमके काय खुपते आहे हे आधी विचारावे. समजा, एकाला झोपण्यापूर्वी वाचायचे असते आणि दुसऱ्याला अंधाराशिवाय झोप लागत नाही. अर्धा तास उजेड आणि मग अंधार, अशी सरळ वाटणी केली तर वाचणाऱ्याचे प्रकरण अर्धवट राहते आणि झोपणाऱ्याला ताटकळावे लागते. त्याऐवजी नीट विचारले आणि त्रास डोळ्यांवर येणाऱ्या उजेडाचाच आहे असे कळले, तर उशाशी एक लहान दिवा पुरतो. परंतु पुष्कळदा खरी तक्रार उजेडाची नसते. दिवसभरानंतर दोन शब्द बोलावेत अशी इच्छा असते आणि जोडीदार पुस्तकात डोके घालून बसलेला असतो. अशा वेळी कितीही लहान दिवा आणला तरी उपयोग नाही. आधी गप्पा, मग पुस्तक, एवढा क्रम बदलला की काम होते. जे ठरेल ते आठवडाभर करून पाहावे आणि जमते आहे का, हे एकमेकांना पुन्हा विचारावे.

घरकामाबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मायकल रॉस आणि फिओर सिकोली यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३७ जोडप्यांना घरातील कामांत स्वतःचा वाटा किती, असे स्वतंत्रपणे विचारले होते. बहुतेक जोडप्यांत दोघांच्या उत्तरांची बेरीज पूर्णापेक्षा जास्त भरली. यात लबाडी असतेच असे नाही. आपण उपसलेले कष्ट आपल्याला सहज आठवतात, दुसऱ्याचे तितके आठवत नाहीत. त्यामुळे कोण किती करतो यावर वाद घालण्यापेक्षा कामे पूर्णपणे वाटून घ्यावीत. बिले भरण्याचे काम ज्याने घेतले, त्याने शेवटची तारीख लक्षात ठेवण्यापासून पावती जपून ठेवण्यापर्यंत सगळे पाहावे. ‘सांगितले असतेस तर केले असते’ या उत्तराने आठवण ठेवण्याचा भार दुसऱ्यावरच राहतो, आणि माझ्या मते खरा थकवा त्याचाच असतो.

काही मतभेद मिटत नाहीत, हेही स्वीकारावे. मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांच्या अभ्यासानुसार जोडप्यांमधील सुमारे ६९ टक्के वाद स्वभाव आणि आवडीनिवडींतील कायमच्या फरकांतून येतात. एकाला माणसांची वर्दळ हवी असते, दुसऱ्याला निवांतपणा. इथे कोणाला बदलण्याचा हट्ट धरण्यापेक्षा दोघांनाही श्वास घेता येईल अशी सोय पाहावी. आवाज चढू लागला तर किमान २० मिनिटे थांबावे, मात्र परत केव्हा बोलू हे सांगूनच उठावे. न सांगता निघून जाणे जिव्हारी लागते. आणि दरवेळी एकानेच माघार घ्यायची, किंवा भीतीपोटी गप्प राहायचे, याला तडजोड म्हणता येत नाही. तिथे विश्वासातल्या माणसाची किंवा समुपदेशकाची मदत घ्यावी.

छोट्या आनंदांसाठी वेगळा वेळ काढावा लागतोच असे नाही. जोडीदार एखादी चांगली बातमी सांगतो, तेव्हा हातातला फोन खाली ठेवून ‘मग पुढे काय झाले?’ असे विचारावे. शेली गेबल आणि सहकाऱ्यांनी २००४ साली मांडलेल्या संशोधनात, आनंदाच्या बातमीला असा मनापासून प्रतिसाद मिळण्याचा संबंध नात्यातील समाधानाशी असल्याचे दिसले. तसेच, रोज होणाऱ्या कामाचेही नाव घेऊन कौतुक करावे. ‘तू किती चांगली आहेस’ यापेक्षा ‘सकाळी मला न उठवता तू मुलांचे आवरलेस, त्यामुळे माझी झोप झाली’ हे वाक्य अधिक पोहोचते, कारण आपण केलेले कोणाच्या तरी नजरेस पडले हे त्यातून कळते.