थरारकादंबरीचा दुसरा भाग लिहिताय? या चुका टाळा

दहशतवादावरच्या कादंबरीचा पहिला भाग चालला की लेखकाला आधी सुचतो तो आणखी मोठा स्फोट. पहिल्या भागात सातारच्या एसटी स्टँडवरची बॅग वेळेत सापडली, म्हणून दुसऱ्यात थेट कोयना धरण! इथेच गाडी घसरते. 103 मीटर उंचीचं हे काँक्रीटचं धरण 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपात तडे जाऊनही उभं राहिलं, हे पाटणकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. चार पोत्यांत ते उडवायला निघालेल्या खलनायकाला इथला वाचक हसतो, आणि एकदा हसला की मग घाबरत नाही.

दुसऱ्या भागाची खरी जमेची बाजू म्हणजे पहिल्या भागाची थकबाकी. बॅग सापडली तेव्हा पंचनाम्यावर सही करायला कुणाला तरी पंच म्हणून उभं केलंच असणार. समजा, स्टँडबाहेरचा वडापाववाला. तेव्हा दोन ओळींत निपटलेला हा माणूस आता खटल्यातला साक्षीदार आहे. मुंबईहून समन्स आलं की गाडा बंद, दिवसाची कमाई बुडाली, आणि तिथे गेल्यावर मिळते पुढची तारीख. एका संध्याकाळी एक अनोळखी गिऱ्हाईक सुटे पैसे परत घेता घेता त्याच्या मुलीच्या क्लासची वेळ सांगून जातं. तेल तापलेलं, झारा हातातच. या प्रसंगाला आरडीएक्स लागत नाही.

दुसरी मोठी चूक तपासातली. कोठडीत दोन थपडा, आरोपी घडाघडा बोलला, केस संपली! पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही. मोक्कात, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या राज्याच्या कायद्यात, एसपी (पोलीस अधीक्षक) दर्जाच्या अधिकाऱ्याने नोंदवलेला चालतो. यूएपीएत, म्हणजे केंद्राच्या दहशतवादविरोधी कायद्यात, ती सोय नाही. असले अडथळे कंटाळवाणे म्हणून लेखक गाळतात आणि हातचा थरार घालवून बसतात. यूएपीएचा गुन्हा नोंदला की राज्य सरकारचा अहवाल केंद्राकडे जातो, आणि तपास एनआयएकडे (केंद्राच्या राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे) द्यायचा का, हे केंद्राने 15 दिवसांत ठरवायचं असतं. तुमचा एटीएसचा, म्हणजे राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाचा, पोलीस निरीक्षक मुख्य माणसापर्यंत पोचत आलाय आणि केस आपल्याकडे राहणार की जाणार, हेच त्याला माहीत नाही. आयतं घड्याळ मिळालं की! (कथा 2003 सालात घडत असेल तर मात्र हे घड्याळ वापरता येणार नाही. महाराष्ट्राची एटीएस 2004 ची, एनआयएचा कायदा 2008 चा.)

नायकाला अमरही करू नका. तुकाराम ओंबळे याच जिल्ह्यातल्या केडंबे गावचे. कसाबची रायफल धरून ठेवणाऱ्या या सहायक उपनिरीक्षकाच्या हाती फक्त लाठी होती, आणि ते परत आले नाहीत. हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना खांद्यात गोळी घेऊन पुढच्याच पानावर खंबाटकी घाटात पाठलाग करणारा हिरो पटायचा नाही.

‘मागे काय घडलं’ हे सांगण्यात तीस पानं घालवू नका. वडापाववाल्याला आलेलं समन्स तेच काम करतं. आणि स्लीपर सेल (सामान्य माणसांत मिसळून दबा धरून बसलेली टोळी) दाखवायचा म्हणून मिरजेतली अख्खी गल्ली संशयित करू नका. त्याच मिरजेत मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीत गाण्याच्या बैठका होतात, लोक रात्र जागवतात. तुमच्या माणसाला लपायचंच असेल तर त्या गर्दीत, श्रोत्यांमध्ये बसवा. समेवर त्याची मान चुकीच्या जागी हलली तर शेजारच्या म्हाताऱ्याच्या ते लगेच लक्षात येईल.